बहिणीकडे ठेवायला दिलेले फोटो

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मुकुंद परुळेकर हे नाव घेतो. ते माझे नातेवाईक नाहीत, शाळेतले गुरुजीही नाहीत. डोंबिवली पूर्वेला बाजाराच्या गल्लीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि मी तिथे कामाला होतो. मी त्यांना काका म्हणतो. या अंकासाठी माझ्या धंद्याविषयी लिहा असं संपादकांनी सांगितलं, पण हा धंदा मी ज्या पद्धतीने करतो ती पद्धत काकांची आहे. म्हणून आधी त्यांचं नाव.

आमचं गाव मुरबाड तालुक्यातलं. शाळा मुरबाडला झाली. वडील वीटभट्टीवर, आई मजुरीला. घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे मी बारावी झालो तेव्हा आता हा काय करणार हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही. कल्याणच्या कॉलेजात कॉमर्सला नाव घातलं. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर कुठेतरी काम, असं जमलं तरच पुढचं शिक्षण होणार होतं. परुळेकरांच्या दुकानाच्या काचेवर 'मुलगा पाहिजे' असा कागद दिसला म्हणून आत शिरलो. काकांनी दोन्ही हात पुढे करायला सांगितले. मला वाटलं, कष्टाचे हात आहेत का बघतायत. ते म्हणाले, "तळहाताला घाम येतो तुझ्या. निगेटिव्ह कडेने धरायला शिकावं लागेल." म्हणजे नोकरी मिळाली होती.

दुसऱ्या वर्षाला असताना वडील अंथरुणाला खिळले. मी काकांना सांगितलं, कॉलेज सोडतो, पूर्ण दिवस दुकानात येतो. ते कॅमेऱ्याची लेन्स पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "कॉलेज सोडलंस तर इथेही येऊ नकोस. मला बारावी पास मुलगा ठेवायचा नाही." त्यांनी ठेवला होता तो बारावी पास मुलगाच होता, पण हे बोलायची माझी हिंमत नव्हती. मी कॉलेज सोडलं नाही. परीक्षेच्या दिवसांत ते मला चारच्या आत दुकानाबाहेर काढायचे आणि गिऱ्हाइकांना सांगायचे, आमचा माणूस युनिव्हर्सिटीच्या कामात आहे.

स्टुडिओत पदवीधरांसाठी एक काळा गाऊन आणि टोपी असायची. मुलं-मुली निकालानंतर यायची, मी त्यांना गाऊन चढवायचो, टोपीचा गोंडा नीट करायचो आणि बाजूला व्हायचो. माझा निकाल लागला त्या दिवशी काकांनी तो गाऊन स्वतः खुंटीवरून काढून माझ्या अंगावर घातला. तो फोटो आमच्या गावच्या घरात देवांच्या तसबिरींच्या ओळीत आहे. आईने तो तिथे लावला, आणि मी तो काढू शकत नाही.

आता धंद्याकडे येतो. कागदावरचे फोटो कमी झाले, फोन आले, स्टुडिओ थकला, काकाही थकले. त्यांनी स्टुडिओ बंद केला त्याच्या आधीच मला जवळच्या गल्लीत छोटा गाळा घेऊन दिला होता, म्हणजे मालकाकडे माझ्यासाठी शब्द टाकला होता. तिथे मी मोबाईल दुरुस्त करतो, कव्हरं विकतो, पासपोर्टचे फोटो काढतो. पण पाटीवर सगळ्यांत वर लिहिलं आहे: 'मोबाईलमधले फोटो कॉम्प्युटरवर किंवा हार्ड डिस्कवर घेऊन मिळतील. इंटरनेट लागणार नाही.' बहुतेक लोक शेवटचं वाक्य वाचून आत येतात.

लोकांना फोटो क्लाउडवर का ठेवायचे नसतात, हे मी गेली कितीतरी वर्षं ऐकतो आहे. कुणी पासवर्ड विसरलेलं असतं. कुणाचं खातं अमेरिकेतल्या मुलाने स्वतःच्या नावाने उघडून दिलेलं असतं आणि मुलगा फोन उचलत नाही. कुणाला दर महिन्याला पैसे भरायचे नसतात. दिव्याहून एक मावशी येतात, तिथल्या जुन्या आगरी वस्तीतल्या. नातवंडांचे फोटो घ्यायला वर्षातून दोनदा तरी येतात. त्यांना मी एकदा क्लाउड म्हणजे काय हे समजावून सांगितलं. सगळं शांतपणे ऐकून त्या म्हणाल्या, "म्हंजे माजे नातवाचे फोटू कुनाच्या तरी घरान ठेवाचे. आनि मना बघाचे झाले तं त्याला इचाराचा?" मी हो म्हणालो. "आनि त्याचा घर कुठं, ते तुला तरी ठाव हाय का?" मी नाही म्हणालो. "मंग तू माजे डिस्कवरच ठेव."

काम ऐकायला सोपं आहे. फोनला वायर लावायची, वायरचं दुसरं टोक कॉम्प्युटरला, फोटोंची प्रत काढायची. घरी करून पाहिलेले आणि जमलं नाही म्हणून माझ्याकडे आलेले निम्मे लोक वायरपाशीच अडकलेले असतात. काही वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून वीज जाते, फोटो जात नाहीत. दिसायला दोन्ही सारख्या. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी फोन विचारतो तो प्रश्न वाचलेला नसतो. वायर लावली की फोन विचारतो, फक्त चार्ज करायचं आहे की फाइली द्यायच्या आहेत? आपण ते बोटाने वर ढकलून देतो. मग कॉम्प्युटरला फोन दिसतो पण आतून रिकामा. लोकांना घाम फुटतो. मी म्हणतो, काही गेलेलं नाही, फोनने फक्त दार उघडलेलं नाही.

पुढची गोष्ट म्हणजे फोटो एका जागी नसतात. कॅमेऱ्याने काढलेले एका फोल्डरमध्ये, व्हॉट्सअॅपवर आलेले दुसऱ्यात, स्क्रीनशॉट तिसऱ्यात. फोनच्या गॅलरीत सगळे एकत्र दिसतात म्हणून माणसाला वाटतं एकच पेटी आहे. एक फोल्डर उचलला की झालं असं समजून लोक फोन पुसून टाकतात, आणि मग मुलीच्या साखरपुड्याचे फोटो आठवतात, जे भावाने व्हॉट्सअॅपवर पाठवले होते.

आणि प्रत काढायची, हलवायचे नाहीत. इथे हलवणं म्हणजे कट करून पेस्ट करणं. आमच्याकडे शुक्रवारी देखभालीसाठी वीज जाते. एका गृहस्थांनी घरी शुक्रवारीच हे काम काढलं होतं, तेही कट करून. वीज गेली तेव्हा फोटो अर्ध्या वाटेवर होते. पुढचं मी सांगत नाही.

कल्याणच्या एका निवृत्त हेडक्लार्कची गोष्ट मात्र सांगतो, कारण ती सांगायला त्यांनीच परवानगी दिली. त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर सगळे फोटो व्यवस्थित, वर्षवार लावले होते. मग एक पेनड्राइव्ह आणून त्यावर 'पाठवले'. पेनड्राइव्हवर फोल्डरचं चित्र दिसलं, खाली नाव दिसलं, ते समाधानी झाले आणि जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला दिला. काही महिन्यांनी पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आले. "उघडत नाहीये. व्हायरस असेल." मी बघितलं. त्यांनी शॉर्टकट पाठवला होता. पेनड्राइव्हवर फोटो नव्हते, फोटो कुठे राहतात त्याचा पत्ता होता, आणि त्या पत्त्यावरचं घर भंगारात गेलं होतं. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेनड्राइव्ह परत हातात घेतला. मग म्हणाले, "चाळीस वर्षं फायली सांभाळल्या रे मी." त्यांच्या पत्नीच्या फोनमध्ये थोडे फोटो मिळाले. बाकीचे गेले.

अशा गोष्टींमुळे मी काकांची एक रीत सोडलेली नाही. स्टुडिओत काका कधीही बंद पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. समोर बसवायचे, एकेक फोटो टेबलावर मांडायचे, गिऱ्हाइकाने बघितल्याशिवाय पाकीट बंद नाही. घाई असेल त्याला म्हणायचे, "उद्या या, बसायला वेळ काढून या." लोक चिडायचे. मलाही वाटायचं, एवढा वेळ का घालवतात. आज माझ्या दुकानात कॉम्प्युटरच्या बाजूला गिऱ्हाइकासाठी खुर्ची आहे. प्रत काढून झाली की मी फोन बाजूला ठेवतो आणि त्यांना सांगतो, तुम्हाला वाटेल तो फोटो या डिस्कमधून उघडा आणि मोठा करून बघा. पहिला बघा, शेवटचा बघा, मधला कुठलाही बघा. तोपर्यंत फोनमधलं काहीही पुसायचं नाही. लोक आधी कंटाळतात. मग एखादा फोटो उघडतो आणि ते बघत बसतात, आणि मग मला त्यांना उठवावं लागतं.

एकदा या रीतीनेच काकांना मोठा धक्का बसला, आणि त्यांची थोडीफार सोयही याच रीतीने झाली. ती गोष्ट सांगण्यासाठीच खरं तर मी हा लेख लिहायला घेतला.

स्टुडिओ बंद झाल्यावर काही वर्षांनी काका-काकूंची बिल्डिंग पाडून नवी बांधायला घेतली आणि ते दोघे ठाण्याला, घोडबंदर रोडवर मुलीकडे राहायला गेले. गेल्या वर्षी काकांचा फोन आला. "एकनाथ, माझ्या एका डोळ्याचा पडदा गेलाय. दुसऱ्याची सुरुवात आहे. डॉक्टर सुया टोचतात डोळ्यात, पण जाणार म्हणतात." हे त्यांनी हवामानाची बातमी सांगावी तसं सांगितलं. मी विचारलं, दिसतं म्हणजे कसं? ते म्हणाले, "समोर बघितलं की मधलं जातं. कडेचं दिसतं. माणूस दिसतो, चेहरा नाही. जन्मभर चेहरे काढले, आता कान दिसतात."

त्यांना माझ्याकडून एक काम हवं होतं. काकांनी आयुष्यभर लोकांचे फोटो काढले, घरचे काढायचे राहून गेले. घरचे फोटो काढले ते सुमनकाकूंनी, आणि तेही हातात फोन आल्यावर. काकू कशाचेही फोटो काढायच्या. भाजीचे, गॅलरीतल्या कबुतराचे, जिन्यात भेटलेल्या कुणाचेही. माणसांची डोकी कापलेली, जमीन कलती. काका त्यांची थट्टा करत. आता काकांना ते सगळे फोटो मोठ्या पडद्यावर, एकदा, नीट बघायचे होते. दुसरा डोळा आहे तोवर. आणि त्यातला एक विशेष करून. स्टुडिओचा शेवटचा दिवस होता तेव्हा काकूंनी काकांचा स्टुडिओत फोटो काढला होता. "माझ्या स्टुडिओतला माझा तो एकच फोटो आहे," काका म्हणाले. "मी तो धड बघितलेला नाही. तेव्हा हिने दाखवला, मी म्हटलं, पाय कापलेस."

ते दोघे रिक्षा करून, चढउतार करून माझ्या दुकानात आले. मी म्हणालो होतो मी ठाण्याला येतो, पण काकांना दुकानच बघायचं होतं. काकूंनी पर्समधून फोन काढला. मी वायर लावली, फोल्डर उघडला. त्यात अलीकडचे थोडेसेच फोटो होते.

"काकू, जुने कुठे आहेत?"

"ते शहाडला आहेत," काकू म्हणाल्या.

मला वाटलं जुना फोन शहाडला राहिला असेल. तसं नव्हतं. शहाडला काकूंची धाकटी बहीण राहते, कुंदामावशी. फोन भरला की काकू सगळे फोटो व्हॉट्सअॅपवर कुंदामावशींना पाठवून द्यायच्या आणि आपल्या फोनमधून पुसून टाकायच्या.

"पूर्वी गावाला जाताना दागिने तिच्याकडे ठेवायचे ना मी, तसे," काकू म्हणाल्या. "ती नीट ठेवते. तिला परत मागितले तर तिने आठवड्यात सगळे पाठवले. बघ, त्या दुसऱ्या खणात आहेत."

व्हॉट्सअॅपच्या फोल्डरमध्ये खरंच पुष्कळ फोटो होते. मी त्यांची प्रत काढली. मग रीतीप्रमाणे काकांना खुर्चीवर बसवलं, फोन बाजूला ठेवला आणि विचारलं, कुठला बघायचा? काकूंनीच शोधून दिला. स्टुडिओचा शेवटचा दिवस. मी तो पडद्याएवढा मोठा केला.

काका पुढे वाकले. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. चष्मा काढून पुसला, परत घातला. मग ते मागे टेकले.

"बंद कर रे," ते म्हणाले. "दुसराही गेला वाटतं."

काकूंचा हात त्यांच्या खांद्यावर गेला. मी पडद्याकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की मलाही तो तसाच दिसतो आहे. उभा माणूस, हातावर काहीतरी काळं, आणि चेहऱ्याच्या जागी बोटाने पुसल्यासारखा पिवळट डाग.

माझ्या टेबलावर दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचे नुकतेच घेतलेले फोटो होते. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांचा त्यांतला एक मी उघडला. "काका, हा बघा. तिरका बघा."

काकांनी मान थोडी वळवली. "पापड आहेत," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "उडदाचे. मिरी दिसतेय." आणखी थोड्या वेळाने, "त्या कोपऱ्यातला फाटलाय."

"मग तुमचा डोळा आहे, काका. फोटो धुरकट आहे."

त्यांनी मोठा श्वास सोडला. काकूंनी मात्र खांद्यावरचा हात काढून घेतला.

पाठवताना व्हॉट्सअॅप फोटो लहान करतं, हे काकूंना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. शिवाय पुढे कुंदामावशींचाही फोन भरला, त्यांच्या मुलाने तो साफ केला. बऱ्याच फोटोंची नुसती पुसट झलक व्हॉट्सअॅपच्या चॅटमध्ये शिल्लक होती. बहिणीने परत मागितले तेव्हा मावशींनी प्रामाणिकपणे त्या झलकांचे स्क्रीनशॉट काढून पाठवले. फोनच्या पडद्यावर, नखाएवढे, ते बरे दिसतात. मोठे केले की काही उरत नाही. हे मी जमेल तितक्या हळू आवाजात सांगितलं.

"म्हणजे माझ्यामुळे गेले," काकू म्हणाल्या.

"दागिने असते तर परत मिळाले असते," काका म्हणाले. मग बहुधा त्यांना काकूंचं गप्प होणं ऐकू आलं असावं, कारण चेहरा तर त्यांना दिसत नव्हता. "असू दे ग सुमन. मी लोकांच्या लग्नातले किती धुरकट काढले ते यालाच विचार. आम्ही सांगायचो, नवरी लाजून हलली."

"काकू, विचार तुमचा बरोबर होता," मी म्हणालो, आणि हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं नाही. एक प्रत आपल्या घरी आणि एक दुसऱ्याच्या घरी, हेच मी रोज लोकांना सांगतो. "फक्त व्हॉट्सअॅपने पाठवायला नको होते. तुमचा पहिला फोन कुठला होता? त्यात नखाएवढं कार्ड होतं का?"

"ते सिम ना?"

"सिमसारखंच, त्याहून लहान. काळं."

काकू आठवत राहिल्या. फोटो बहिणीकडे पाठवायला लागण्याच्या आधी, फोन भरला म्हणून दुकानदाराने एकदा एक कार्ड काढून दुसरं घातलं होतं. मग फोनच बदलला. काढलेली कार्डं त्यांना जुनी सिम वाटली, तरी त्यांनी ती फेकली नव्हती, कारण काकू काहीच फेकत नाहीत. "बटणांच्या डब्यात असतील," त्या म्हणाल्या.

दोन कार्डं होती. काकूंच्या मुलीने ती मला आणून दिली. मी कापसाने पितळी टोकं पुसली आणि पहिलं कार्ड लावलं. ते उघडलं. पुसलेलं काहीच नव्हतं, सगळे मूळ फोटो जसेच्या तसे. मी त्याच्या दोन प्रती काढल्या आणि त्याच रविवारी ठाण्याला गेलो. मुलीच्या घरच्या मोठ्या टीव्हीला डिस्क लावली. काका टीव्हीच्या अगदी जवळ स्टुलावर बसले, थोडे तिरके.

तो दिवस चांगला गेला. काका बघत होते आणि त्यांची जीभ मोकळी सुटली होती. "हे काय, कबुतर? सलग सात कबुतरं? त्याला पोझ द्यायला सांगितलीस काय?" काकू म्हणाल्या, "तुमच्या गिऱ्हाइकांपेक्षा शहाणं होतं, हललं नाही." जिन्यातली माणसं ओळखायचा त्यांचा खेळ चालला. एका फोटोत पाडायच्या आधीच्या बिल्डिंगचं फाटक होतं, त्याच्यापाशी काका बराच वेळ थांबले. एका फोटोत त्यांची नात पाटावर बसून श्रीखंड खात होती. "हिला आत्ताच बोलवा," ते म्हणाले, आणि नात आली, आता कॉलेजात जाणारी, तिला त्यांनी शेजारी बसवलं. मग मला म्हणाले, "ही जमीन सगळीकडे कलतीये. पण प्रकाश बघ तुझ्या काकूचा. मला असा सोडता आला नसता." मला वाटतं, काकूंच्या फोटोंची त्यांनी एवढी तारीफ पूर्वी कधी केली नव्हती. काकू चहा करायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

स्टुडिओचा फोटो त्या कार्डात नव्हता. तो दुसऱ्यात असणार होता, आणि दुसरं कार्ड उघडत नव्हतं. मी तीन वेगवेगळे रीडर लावून बघितले. कॉम्प्युटरला कार्ड आहे एवढं कळायचं, आत काय आहे ते कळायचं नाही. मला येतं तेवढं करून मी थांबलो. आपल्याला न येणारं काम करत बसलं तर असलेलंही जातं. ठाणे स्टेशनजवळ एक माणूस बिघडलेल्या डिस्क आणि कार्डांमधून माहिती काढून देतो, त्याच्याकडे ते दिलं. तो म्हणाला वेळ लागेल, कार्डाच्या आतली बाजू उघडावी लागेल.

मी दर काही दिवसांनी फोन करायचो. काकांचाही फोन यायचा. ते कार्डाचं विचारायचे नाहीत. धंदा कसा आहे, आई कशी आहे, असं विचारायचे आणि मग थोडा वेळ गप्प राहायचे. त्या गप्प राहण्यात कार्ड असायचं. मी म्हणायचो, "काका, अजून नाही." ते म्हणायचे, "असू दे, मी कुठे पळतोय."

मग एका सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. उठले तेव्हा दुसऱ्या डोळ्यासमोरही मध्ये काळं होतं. रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. कडेचं दिसणं राहिलं, चालता-फिरता येतं, पण फोटो बघण्यासारखं आता काही दिसणार नव्हतं, कितीही मोठा केला तरी.

त्यानंतर काही दिवसांनी कार्ड मिळालं. जवळजवळ सगळे फोटो, काकूंनी पुसलेलेसुद्धा, निघाले होते. मी दुकानात बसून शेवटच्या दिवसाचा फोटो शोधला आणि मोठा केला. माझ्या बाजूची गिऱ्हाइकाची खुर्ची रिकामी होती. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याचा फोटो त्याने बघायच्या आधी एवढा वेळ बघितला.

मी काकांना फोन लावला, पण कार्ड निघालं एवढंच सांगू शकलो. म्हणून डिस्कबरोबर पत्र पाठवलं. काकांची परवानगी घेऊन ते इथे देतो.

तीर्थस्वरूप काकांना, एकनाथचा नमस्कार.

हे पत्र काकू वाचून दाखवतील. काकू, मध्ये थांबू नका, सलग वाचा.

स्टुडिओचा फोटो मिळाला. तुम्ही बघितला असता तसा मी बघितला आहे, म्हणजे आधी चुका. फोटो डावीकडे कलता आहे. पाय गुडघ्याखाली कापलेत, हे तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात. डोक्यावर नको तेवढी भिंत आली आहे.

जागा डार्करूमची आहे. खिडकीवरची फळी त्या दिवशी सुताराने काढली होती, त्यामुळे प्रकाश तुमच्या उजव्या बाजूने येतो आणि थेट चेहऱ्यावर पडतो. एवढ्या वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदा ऊन आलं होतं. हवेतली धूळ दिसते. मागच्या ओट्यावर ट्रे ठेवायचो त्या जागी पिवळे चौकोन उमटलेत, तिन्ही ट्रेंचे. दाराचा काळा पडदा तुम्ही काढून घडी करून हातावर घेतला आहे, धुतलेली चादर दोरीवरून काढून आणावी तसा. पडद्याच्या कडेची शिवण उसवली आहे. अर्ध्या बाह्यांचा निळा शर्ट. खिशात पेन. कानाजवळचे केस तेव्हा काळे होते.

फोटो धुरकट नाही, काका. मी पडद्याएवढा करून बघितला. भुवईचा एकेक केस मोजता येईल. उन्हाने एक डोळा बारीक झाला आहे आणि तोंड उघडं आहे. तुम्ही काहीतरी बोलता आहात. बहुतेक काकूंना फोन कसा धरायचा ते सांगताय. पण रागावलेले नाही आहात. गाल वर गेलेत.

एक गोष्ट मला तुम्हाला सांगायचीच आहे. तुम्ही कॅमेऱ्याकडे बघत नाही आहात. तुमची नजर त्याच्या थोडी वर आहे. फोन छातीशी धरून उभं राहिलेल्या माणसाचा चेहरा जिथे असतो, बरोबर तिथे. हा फोटो मी काढला असता किंवा तुम्ही स्वतः टायमर लावून काढला असता, तर तो असा आला नसता.

मी बी.कॉम. झालो, दुकान झालं, टिटवाळ्याला घर झालं, मुलगी शाळेत पहिल्या बाकावर बसते. हे सगळं तुमच्यामुळे, असं मी तुम्हाला कधी समोर म्हणू शकलो नाही, कारण तुम्ही लगेच लेन्स पुसायला घेता. पत्रात म्हणतो.

सगळ्या फोटोंच्या मी दोन डिस्क केल्या आहेत. एक तुमच्याकडे राहू द्या, दुसरी डिस्क कुंदामावशींकडे मी स्वतः नेऊन देतो आहे.

काकू, एवढं वाचून झालं की मान वर करून त्यांच्याकडे बघा. ते तुमच्या थोडं बाजूला बघत असतील. तसं बघितलं की तुम्ही त्यांना दिसता, असं त्यांनी मला मागच्या भेटीत सांगितलं.

तुमचा,
एकनाथ